फियाटकाका

प्रत्येक जुन्या सोसायटीत एक गाडी ताडपत्रीखाली असते आणि एक गृहस्थ त्या गाडीखाली असतात. आमच्याकडे ही जोडी जिन्याशेजारी आहे. गाडी १९६७ची फियाट अकराशे. गृहस्थांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पोस्टमन सोडला तर ते कोणी वाचत नाही. सगळे त्यांना फियाटकाका म्हणतात. मध्यंतरी काही उत्साही मंडळी काकूंना फियाटकाकू म्हणू लागली होती. काकूंनी एकदाच, पण असं काही पाहिलं, की ते नाव जागच्या जागी बंद पडलं. गाडीपेक्षाही चटकन.

सकाळी दुधाला निघालो की गाडीखालून दोन पाय दिसतात. त्या पायांवरून काकांचा मूड मला आता चेहऱ्यापेक्षा जास्त कळतो. अंगठे हलत असले म्हणजे काम जमतंय. अंगठे ताठ असले म्हणजे बोल्ट निघत नाहीये, आणि अशा वेळी आपण आवाज न करता सटकावं. पण पाय बोलतात.

"अरे, दहा-अकराचा पाना दे रे."

पाना द्यायला वाकलो की दूध नासेपर्यंत सुटका नाही.

या जमातीच्या माणसाला एक प्रश्न कधीही विचारू नये: "ही पद्मिनीच ना?" मी राहायला आलो त्या आठवड्यात विचारला होता. काका गाडीखालून सरपटत बाहेर आले, हात पुसले आणि मला बोनेटसमोर उभं केलं. "फाब्रिका इतालियाना आउतोमोबिली तोरीनो," ते संकल्प सोडावा तसं म्हणाले. त्यातल्या चार आद्याक्षरांची फियाट झाली हे मला त्या दिवशी कळलं. काका स्वतः गोव्यापलीकडे गेलेले नाहीत, पण 'तोरीनो' असं म्हणतात की ते सासवडच्या पुढचं गाव वाटावं.

मग वंशावळ. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही अकराशे पहिल्यांदा मांडली गेली. दान्ते जाकोझा नावाच्या इंजिनिअरचं डोकं. इटालियन लोक तिला 'मिलेचेंतो' म्हणत, म्हणजे अकराशेच. ती गोलमटोल गाडी आपल्याकडे आली आणि आपण तिला पाहताक्षणी नाव दिलं, डुक्कर फियाट. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ती. काकांची गाडी तिच्यानंतरची, मागे दोन बारीक पंख फुटलेली 'डिलाइट'. पद्मिनी हे नाव लागलं १९७४ साली. "लग्नानंतरचं नाव," काका म्हणाले. "माझी अजून माहेरवाशीण आहे."

"अकराशे म्हणजे अकराशे सीसी का?" मी आणखी एक चूक केली.

"नाही. १०८९."

"मग अकरा कुठे गेले?"

"यांच्या डोक्यात," वरच्या खिडकीतून काकू म्हणाल्या.

काका मूळचे सोलापूरचे आणि वालचंद हिराचंदही सोलापूरचे, त्यामुळे या गाड्या आपल्याकडे बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचा इतिहास ते घरची गोष्ट सांगावी तसा सांगतात. त्या माणसाने जहाजं काढली, विमानांचा कारखाना उभारला आणि १९४४ साली मोटारींची कंपनी सुरू केली. पुढे कुर्ल्यातून फियाटी बाहेर पडू लागल्या. "इटलीने १९६९ला अकराशेचा नाद सोडला. आपण कुर्ल्यात पुढे जवळजवळ तीस वर्षं तीच गाडी काढत राहिलो," काका अभिमानाने सांगतात. दुसऱ्या कुणी हे वाक्य तक्रार म्हणून सांगितलं असतं.

या जमातीचा आवडता शब्द 'ओरिजिनल'. काकांच्या गाडीत सगळं ओरिजिनल आहे. इंजिन ओरिजिनल, फक्त पिस्टन, रिंगा आणि हेड बदललंय. रंग ओरिजिनल, म्हणजे शेड ओरिजिनल. सीटा ओरिजिनल, कापड नवीन, स्पंज नवीन, स्प्रिंगा जुन्या बाजारातल्या. खालचा पत्रा मात्र ओरिजिनल नाही हे ते कबूल करतात, कारण तिथे इलाज नव्हता. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, सगळा भार पत्राच उचलतो. तळ सडला की गाडी कंबरेतून बसते. टिंकरने तळ कापला तेव्हा काका दवाखान्याबाहेर थांबावं तसे गॅरेजबाहेर थांबले होते.

दुसरा आवडता शब्द 'व्हॅल्यू'. हा फक्त काकूंसमोर वापरायचा. त्यामागचा सिद्धांत मी अनेकदा ऐकलाय: "नवी गाडी शोरूमबाहेर पडली की तिची किंमत उतरते. ही साठ वर्षं बाहेरच आहे. उतरायचं ते उतरून झालं. आता वर जाण्याशिवाय तिला रस्ता नाही."

"वर आधी कोण जातंय ते ठरवा," काकू म्हणतात.

व्हॅल्यू पक्की करायची म्हणून काकांनी विंटेज नोंदणीचीही चौकशी केली. पन्नास वर्षांपलीकडच्या गाड्यांसाठी २०२१ साली नियम झाले आहेत. २०,००० रुपये फी, दहा वर्षांची नोंदणी, नंबरात 'व्हीए' अशी खास अक्षरं. काका हरखून गेले होते. मग पुढची ओळ वाचली: अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. काकांनी कागद घडी घालून ठेवून दिला. "म्हणजे भाजी आणायला न्यायची नाही?" आता ते दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन साधं पासिंग करून आणतात. व्हॅल्यू गेली खड्ड्यात, मंडईत गाडी गेली पाहिजे.

मंडईत गाडी जाते हे खरं. परत येते हे दरवेळी खरं नसतं.

गेल्या एप्रिलात आम्ही तिघं तिच्यातून खंडाळ्याला निघालो. जुन्या हायवेने, कारण एक्स्प्रेस वेवर थांबता येत नाही आणि थांबणं हा या प्रवासाचा मुख्य कार्यक्रम असतो. परतीला एका चढावर गाडीने दोन आचके दिले आणि ती बसली. मी घाबरलो. काका खुलले. बोनेट उघडून त्यांनी इंजिनाच्या अंगाला चिकटलेल्या एका वाटीएवढ्या वस्तूवर बोट ठेवलं, चटका बसला म्हणून काढलं आणि म्हणाले, "पेट्रोलपंप. इंजिन तापलं की याच्यात पेट्रोलची वाफ होते. पंप ओढतो, पण वाफच ओढतो. त्याने हवा धरली." काकूंनी न सांगता पिशवीतून जुन्या साडीचं फडकं आणि पाण्याची बाटली काढली. काकांनी फडकं भिजवून पंपावर घडी घालून ठेवलं. तापलेल्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवतात, तितक्या हलक्या हाताने.

दहा मिनिटं वाट पाहायची होती. त्या दहा मिनिटांत एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरून म्हणाला, त्याचे वडील मुंबईत हीच टॅक्सी चालवायचे. एक मोटरसायकलवालं जोडपं थांबलं, त्यांना फोटो हवा होता. एका आजोबांनी नवीन गाडीच्या मागच्या सीटवरून मुलाला थांबायला लावलं आणि नुसते येऊन दरवाज्याच्या हँडलवरून हात फिरवून गेले. मुलगा गाडीत एसी लावून बसून राहिला. काकूंनी सगळ्यांना चिवडा वाटला. माझी गाडी मागच्या वर्षी बंद पडली होती तेव्हा डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला, क्रेन आली, आणि सर्व्हिस सेंटरच्या पोराने लॅपटॉप जोडून मला एक आकडा सांगितला. बिघाड काय होता हे मला आजही माहीत नाही. इथे बिघाडावर बोट ठेवता येत होतं. चटका बसण्याइतकं.

काकांनी ३४ वर्षं सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवल्या. "एकही फाईल शेवटी कुठे पोचली ते मला दिसलं नाही," ते मला तिथे रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून म्हणाले. "इथे पॉइंट घासला की ठिणगी दिसते." लहानपणी डॉक्टरांची फियाट धुतली की गावातून एक फेरी मिळायची, हेही त्यांनी सांगितलं. पण तेवढ्यात पंप निवला आणि गाडी सुरू झाली, म्हणून ती गोष्ट अर्धीच राहिली.

३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर राहिली नाही. तारदेवला २००३ साली नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षं भरली होती. त्या दिवशी काकांनी दाढी केली नाही. मी सांत्वनाला गेलो तर म्हणाले, "टॅक्सी होत्या तोवर पार्ट मिळत होते रे. आता किंगपिन कुठून आणू?" दुःख खरं होतं, फक्त ते मोजायला मापं होती.

तेव्हापासून दर बुधवारी आणि रविवारी काका जुन्या बाजारात जातात. गाडी आता शंभर टक्के झाली आहे, एक वस्तू सोडून: स्टिअरिंगच्या दांड्याला असतो त्या गिअरचा नॉब. हस्तिदंती रंगाचा, बोराएवढा. रंगकामाच्या वेळी काढून ठेवला आणि गायब झाला. त्या जागी काकांनी काकूंच्या ड्रेसिंग टेबलाच्या खणाची लाकडी मूठ बसवली आहे. काकू तेव्हापासून खण नाडी बांधून ओढतात. "नॉब मिळाला की संपलं," काका गेली दोन वर्षं सांगताहेत. "मग गाडी झाली."

गेल्या महिन्यात काकूंकडे वाटी परत द्यायला गेलो होतो. आमटीला फोडणी द्यायची म्हणून काकूंनी मिसळणाचा डबा उघडला. मोहरीच्या वाटीत चमचा घातला आणि मोहरीतून काहीतरी पांढुरकं, गोल, वर आलं. काकूंनी ते चमच्याने पुन्हा आत दाबलं.

"काकू, हे..."

"धुवायच्या शर्टाच्या खिशात सापडलं," त्यांनी तेलात मोहरी टाकली. "गाडी झाली, तर हे दिवसभर घरात बसतील. मग मला सांगतील आमटीला मोहरी कधी टाकायची."

मी गप्प राहण्याचा शब्द दिला. पण रविवारी काकांबरोबर जुन्या बाजारात गेलो आणि मला राहवेना. ऊन रणरणत होतं. काका गंजक्या कुलपांच्या ढिगाशी उकिडवे बसून एकेक गोल वस्तू उचलून पाहत होते. विक्रेता त्यांना नावाने ओळखत होता आणि त्याने आधीच चहा सांगितला होता.

"काका," मी हळूच म्हणालो, "नॉब कदाचित घरीच असेल."

"मोहरीत," काका एका स्कूटरच्या भोंग्यातून आरपार पाहत म्हणाले. "दिवाळीत ही लेकीकडे गेली होती ना, तेव्हा मीच फोडणी दिली. तेलात तडतडेना, तेव्हा पाहिलं."

"मग?"

"मग काय, पुसून परत ठेवला." त्यांनी भोंगा खाली ठेवला आणि चहाचा पेला घेतला. "तिच्याकडे बोलू नकोस हं. तिला वाटतं मला माहीत नाही."