धरा रे, उचला रे

आमच्या जैनाबादला हलवाहलवीचा इतिहास मोठा आहे. बऱ्हाणपूरच्या समोर, तापीच्या पल्याड वसलेलं हे गाव. जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल बऱ्हाणपुरात गेली, तेव्हा तिला आधी इथे, आहुखान्याच्या बागेत पुरलं. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तिला इथून आग्र्याला नेलं. बरोबर शहजादा शाह शुजा, पुढेमागे लवाजमा, वाटेने दानधर्म. बादशहाने शेकडो मैलांच्या हलवाहलवीची अशी चोख व्यवस्था लावली. त्याच गावात आमच्या मामांना खाटेवरून शेजारच्या व्हीलचेअरमध्ये न्यायचं असे, अंतर वीतभर, आणि व्यवस्था म्हणाल तर नुसता आरडाओरडा.

मामा उभ्या आयुष्याचे केळीवाले. बागेतून घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत यायचं, ट्रक भरायचा, हिशेब तोंडपाठ. मणक्याच्या दुखण्यात कमरेखालचा भाग गेला. खांदे, दंड मात्र तसेच राहिले. पण घरात एकदा 'पेशंट' हा शब्द शिरला की माणसाच्या चालू अवयवांकडेही कोणी बघत नाही. मामांना खुर्चीत बसवायचं ठरलं की मामी दारात जाऊन हाक मारणार, शेजारचे दोघं हातातलं काम टाकून येणार. एक काखेत हात घालणार, दुसरा गुडघे धरणार, तिसरा नुसत्या सूचना देणार. मग 'एक, दोन, तीन'. यात तीनला उचलायचं की तीन म्हणून झाल्यावर, यावर आजवर एकमत झालेलं नाही. त्यामुळे मामांचं डोकं आधी निघे आणि पाय मागाहून येत. मामींकडे लुंगी सांभाळण्याचं खातं. मामा खुर्चीत आदळले की सगळे कमरेवर हात ठेवून उभे राहात आणि त्यांच्यासाठी चहा येई.

माणूस उचलणं ही आपल्याकडे मायेची खूण आहे. आजारी बापाला मुलगा दोन्ही हातांवर उचलतो, गाव बघतं, डोळे पुसतं. त्या मुलाची कंबर पुढे सहा महिने धरलेली असते, ती कोणी बघत नाही. आणि काखेत हात घालून ओढण्यात ज्याला ओढलं त्याचा खांदा दुखावतो. ब्रिटनमध्ये १९९२ साली हाताने ओझी उचलण्याबद्दल नियम झाले, आणि ते दवाखान्यातल्या माणसांनाही लागू पडतात. नर्सच्या पाठीचा विचार कायद्याने करावा लागला, कारण मायेने तो कधी केला नसता.

तर अशा घरात फिजिओथेरपीवाल्या ताई एक फळी घेऊन आल्या. दोन-अडीच फूट लांब, आठ-नऊ इंच रुंद, गुळगुळीत. दोन्ही टोकं तासून पातळ केलेली. बस्स. ना खटका, ना मोटर. ट्रान्सफर बोर्ड म्हणतात म्हणे. एवढी फी देऊन फळी आली म्हणून मामी जरा नाराज झाल्या. मामांनी फळी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "पाटाले पाय नाही, मलेबी नाही. जमते आमचं." ताईंनी मोबाइलवर आणखी एक प्रकार दाखवला. चाकाला वळसा घालता यावा म्हणून ती फळी वाकडी असते आणि इंग्रजीत तिचं नावच बनाना बोर्ड. मामांची कळी खुलली. "विलायतेत केयाची फळी? भाव काय लागला तिथं?"

पण फळी येणं आणि फळी चालणं यांत बरंच अंतर असतं. पहिली अडचण खुर्चीची. आमच्या खुर्चीचे हात पक्के जोडलेले. आडवं सरकायचं तर मध्ये हा लोखंडी कठडा. खुर्चीला पक्के हात असले की माणसाच्या हातांना काम उरत नाही. शेवटी निघणाऱ्या हातांची खुर्ची आणावी लागली. दुसरी अडचण खाटेची. ती खुर्चीपेक्षा चांगली चार बोटं खाली, आणि चढावर सरकणं कोणालाच जमत नाही. मग पायांखाली लाकडी ठोकळे घातले, खाट खुर्चीच्या उंचीला आली, आणि खाटेखाली आणखी एक ट्रंक मावते हे पाहून मामींचा फळीवरचा राग निम्मा उतरला.

आता ताईंचा पाठ सुरू झाला. खुर्ची खाटेला तिरपी लावा. दोन्ही ब्रेक लावा, आणि लावलेत का ते हलवून बघा. पायपट्ट्या बाजूला करा, खाटेकडचा हात काढा. आता मामा, खुर्चीपासून दूर, पलीकडे कला. वर झालेल्या मांडीखाली फळीचं टोक सरकवा, दुसरं टोक खुर्चीच्या बैठकीवर नीट टेकू द्या. फळीच्या कडेखाली बोटं घालू नका, चेंगरतील. तळवे सपाट टेका, अंग किंचित उचला, दोन बोटं सरका, थांबा. पुन्हा उचला, पुन्हा सरका. आणि ज्या बाजूला जायचं त्याच्या उलट बाजूला डोकं झुकवा. डोकं खाटेकडे गेलं की कंबर खुर्चीकडे येते. हे ऐकून मामींनी फळीआधी देव आठवले. पण ताईंनी मामांच्या कमरेला रुंद पट्टा बांधला होता आणि तो धरून त्या समोर उभ्या होत्या. ज्याला बसल्या जागी तोल सावरत नाही, त्याने हा प्रयोग एकट्याने करू नये, हे त्यांनी मामांना सांगितलं आणि मग आमच्याकडे वळून दुसऱ्यांदा सांगितलं.

मामांना घाई. चार खेपांत जायचं ते एका हिसक्यात जाऊ पाहात होते. ताई म्हणाल्या, "घासत नका जाऊ काका. तिथली कातडी दुखली तरी तुम्हाला कळणार नाही." हे मात्र मामांना समजावून सांगावं लागलं नाही. घड ओढत नेला की केळं काळं पडतं. त्या वेळी काही दिसत नाही, दोन दिवसांनी बाजारात दिसतं. मामांनी मजुरांना जन्मभर हेच सांगितलेलं, "उचलून ठेव, ओढू नको." त्या दिवशी ते स्वतःला सांगितलं. कातडीची ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हे. संवेदना गेलेल्या अंगावर एक जखम झाली की ती महिनोन्‌महिने झोपवून ठेवते. डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला मणका दुखावलेल्या सैनिकांसाठी विभाग काढला, तेव्हा पहिला आग्रह धरला तो दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा. पॅरालिम्पिक पुढे याच दवाखान्यातून निघालं. तिथवर पोचायला आधी कातडी शाबूत लागते. आपले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. पाण्यात ते एकटेच पोहले, हे ठीक. पण काठावर पोचायला आणि खुर्चीत परत बसायला काय काय करावं लागलं असेल, याचं पदक नसतं.

ताईंची फळी परत द्यायची होती, म्हणून नवी करायला आम्ही मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्रींनी आधी विचारलं, पूजेचा पाट का? मग, पाय किती इंची? पाय नकोत म्हटल्यावर ते हिरमुसले. सनमायका लावू म्हणाले, एका टोकाला मोर कोरून देऊ म्हणाले. मोरावर बसायचंय कळल्यावर मोर गेला. १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय, टोकं रंध्याने उतरती केलेली, कडा गोल, आणि पॉलिश पेपर मारून असा गुळगुळीत केला की त्यावर माशी बसली तरी घसरावी. मग त्यांनी फळी दोन स्टुलांवर आडवी टाकली आणि स्वतः मधोमध बसले. हातगड्यालाही शेजारी बसवलं. "आता बोला," म्हणाले. ताईंनी तपासून होकार दिला तेव्हाच ती घरी आली. सुती लुंगी फळीला चिकटते, टेरिकॉटची पँट सुरेख सरकते, हा शोध मामांचा. ओल्या अंगाने तर फळीवर बसायचंच नाही. कातडी धरून ठेवते.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या आत्मचरित्राचं नाव 'चाकाची खुर्ची'. त्यांनी अपंगांसाठी अख्खी संस्था उभी केली. अशी माणसं पाहिली की वाटतं, खुर्ची मिळणं ही अर्धीच गोष्ट. त्या खुर्चीत कधी बसायचं आणि कधी उतरायचं हे आपलं आपल्याला ठरवता येणं ही उरलेली अर्धी. फळी आल्यावर महिनाभराने मामी सहज बोलून गेल्या, "हे आता दुपारी पाणी पितात." आम्हाला उलगडा होईना. मग कळलं. दुपारी शेजारचे कामावर असत. संडासला जायचं तर त्यांना बोलवावं लागे. म्हणून मामा जेवणानंतर तहान मारून चार वाजेपर्यंत पडून राहात. आम्ही मामांचं वजन वाटून घेत होतो आणि उपकाराचं सगळं वजन ते एकटे पेलत होते. त्याला कोणी 'धरा रे' म्हणत नव्हतं.

शेजारचे दोघं सवयीने अजून डोकावतात. पूर्वी ते आले की मामांशी बोलत नसत, मामांच्या अंगावरून एकमेकांशी बोलत, "पाय धर, डोकं सांभाळ." आता उचलायचं काही नसतं, म्हणून समोर बसतात, केळीचा भाव विचारतात, आणि मामा तो दहा रुपये चढवून सांगतात. चहाची साखर पूर्वीइतकीच लागते, अशी मामींची तक्रार आहे.