गायनासाठी जागा पाहताना : तरुण दयाळांस सूचना

मार्च लागला, पहाटे चारला आपोआप जाग येऊ लागली आणि शेजारचा दयाळ उगीचच डोळ्यांत खुपू लागला, की जागा बघायला निघावं. गळा कितीही तयार असो, बैठक चुकली तर हंगाम गेला.

नवखे बहुतेक घुसतात ते आंब्याच्या दाट पानोऱ्यात. सावली आहे, शिक्र्याचं भय कमी, हे मान्य. पण पानं बारीक स्वर विस्कटून टाकतात आणि भराभर घेतलेल्या ताना प्रतिध्वनीत एकमेकींवर चढतात. मेहनत तुमची, ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसता कालवा. कोकिळ पानांआडून गातो तरी अख्ख्या आळीला ऐकू येतो, हा दाखला कृपया देऊ नये. त्याचा मामला दोन दणकट स्वरांचा, आणि पिल्लांचा खर्च परस्पर कावळ्याच्या खात्यावर.

जमिनीलगतही गाऊ नये; जमीन आवाज गिळते. चिरक दगडावर बसून गातो खरा, पण त्याचा मुलूख उघडा, तिथे धोंडाच शिखर. चंडोल तर गातगातच आभाळात चढतो. ज्याला बैठकच नाही त्याला बैठकीबद्दल काय विचारायचं?

तेव्हा वाळकं टोक बघा. शेवग्याची वठलेली फांदी, विजेचा खांब, पाण्याच्या टाकीची कड. एखाद्या गच्चीवर जुनी काड्यांची अँटेना अजून उभी असेल तर विचार करत बसू नये, ताबा घ्यावा. वर बसल्यावर शेपटी उभारावी, एक लांब शीळ घालावी, मग तिला दोन मुरक्या जोडाव्यात आणि गप्प बसावं.

हे गप्प बसणं कुणालाच आवडत नाही, पण खरी मेख तिथेच आहे. युरोपातल्या काळटोपी वटवट्यावर २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अभ्यासकांनी गाणं वेगवेगळ्या उंचीवरून वाजवून, वेगवेगळ्या उंचीवर टिपून पाहिलं. निघालं असं, की उंच बैठकीचा मोठा लाभ ऐकणाऱ्याला होतो. म्हणजे गवई टोकावर चढतो तो बराचसा दुसऱ्याचं ऐकायला! माणसांच्या मैफलीत अशी उदाहरणं दुर्मीळ. तुम्ही मात्र शेजाऱ्याचं उत्तर कुठून आलं, किती जवळून आलं, हे नीट ऐकून घ्यावं. तो हद्दीच्या आत असेल तर गाणं थांबवून अंगावर जावं.

एकाच टोकावर मुक्काम ठोकू नये. हद्दीच्या प्रत्येक बाजूला एक जागा हाताशी असावी. काळ्या-पांढऱ्या अंगानं उघड्या फांदीवर बसलेला गवई दयाळिणीला दिसतो, तसाच शिक्र्यालाही दिसतो. तो आला तर तान अर्धवट सोडून खाली झुडपात बुडी मारावी. समेवर येण्याचा हट्ट धरू नये.

रस्त्याकाठची जागा मिळाली तर काय? नेदरलँड्समधल्या लायडन शहरात रामगंगेचे विलायती भाऊबंद गोंगाटाच्या भागात खालचे स्वर टाळून गातात, असं २००३ मध्ये दिसून आलं. वाहनांची घरघर खालच्या पट्टीत असते, म्हणून ही युक्ती. तुम्हाला ती जमेलच असं नाही. त्यापेक्षा पहिली बस सुटायच्या आत कार्यक्रम उरकावा.

यावर सोसायटीत तक्रार होईल. होऊ द्या. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे ती ध्वनिक्षेपकाला. तुमच्याकडे ध्वनिक्षेपक नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका खिडकी आपटून बंद करतील, तेवढी मोजून एक तान जास्त घ्यावी.