लेक अठरापर्यंत, बहीण एकविसानंतर

मराठी कुटुंबात मुलगी मोठी झाल्याचे आईवडिलांच्या ध्यानात यायला बरीच वर्षे लागतात, आणि मुलाच्या बाबतीत तर ते अनेकदा येतच नाही. परंतु एरवी कोणतीही तारीख पाळण्याबद्दल ख्याती नसलेले शासन बालगृहातील मुलीचा अठरावा वाढदिवस कमालीच्या काटेकोरपणे पाळते. काल जिला परवानगीशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नव्हते, ती आज पत्र्याची पेटी आणि झेरॉक्सच्या प्रतींनी फुगलेली पिशवी घेऊन त्याच फाटकाबाहेर प्रौढ म्हणून उभी असते.

तिच्यासाठी ‘अनुरक्षण’ नावाची सोय आहे. संस्था सोडलेल्या व्यक्तीला अठरा ते एकवीस या वयात, अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत, स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी जो आधार दिला जातो त्यास ही संज्ञा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ नुसार असे आर्थिक साह्य ‘देता येईल’. ‘द्यावेच लागेल’ असे म्हणण्याचा उद्धटपणा कायद्याने केलेला नाही. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये ठरलेले असून, तेवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवर जागा तरी मिळते किंवा दोन वेळचा डबा तरी. दोन्ही मागणे हे अद्याप प्रौढ न झाल्याचे लक्षण समजावे.

लाडकी बहीण योजनेचा लाभ वयाच्या २१ व्या वर्षापासून मिळतो. म्हणजे लेकीचे नाते अठराव्या वर्षी संपल्यावर बहीण होईपर्यंतची तीन वर्षे ती शासनाची नेमकी कोण लागते, हा प्रश्न नातेसंबंधांच्या अभ्यासकांनी हाती घेण्याजोगा आहे. राज्याने २०१८ साली अनाथांना १ टक्का आरक्षण दिले, हे खरोखरच चांगले झाले. मात्र त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते, आणि ज्या शासनाने तिला अनाथ म्हणून वाढवले त्याच्याच खिडकीशी ती अनाथ असल्याचे कागद घेऊन रांगेत उभी राहते.

या सर्वांहून जुनी, शासन निर्णयाविना चालणारी अनुरक्षण योजना म्हणजे विवाह होय. स्थळ येते, अधिकारी सपत्नीक कन्यादान करतात, वृत्तपत्रांत छायाचित्र झळकते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायचे झाल्यास कोणत्या टेबलावर अर्ज द्यावा, हे मात्र लग्नपत्रिकेत छापलेले नसते.