कपाळाला भोक आणि मांजरीचं मनोगत

शिव शिव! काय काय छापतात हो लोक, आणि वर 'अक्षर न् अक्षर खरं' म्हणून शपथा घेतात! बरं, छापणारे कुणी ऐरेगैरे नव्हेत. लंडनचे सेकर अँड वॉरबर्ग, जॉर्ज ऑर्वेलचे प्रकाशक. त्यांनी १९५६ साली 'द थर्ड आय' नावाचं आत्मचरित्र काढलं. लेखक टी. लोबसांग राम्पा, राहणार ल्हासा, हुद्दा लामा. आणि आत काय, तर आठ वर्षांच्या पोराच्या कपाळाला भोक पाडून त्यात लाकडाची कपची खुपसतात! कशासाठी? माणसाभोवतीचं तेजोवलय दिसावं आणि समोरचा खोटं बोलतोय का ते कळावं म्हणून. शिवाय माणसाला आभाळात नेणारे पतंग, हिममानव, आणि स्वतःच्याच मागल्या जन्मीच्या सोन्यानं मढवलेल्या देहाचं दर्शन. वाचता वाचता हात आपसूक कपाळाकडे जाणार नाही तर काय!

प्रकाशक फ्रेडरिक वॉरबर्ग यांनाही धाकधूक होतीच. हस्तलिखित त्यांनी वीसेक जणांना वाचायला दिलं. तिबेट पाहिलेल्यांनी स्पष्ट सांगितलं, शुद्ध थाप आहे. मग साहेबांनी लामाला तिबेटी भाषेत एक साधा प्रश्न विचारून पाहिला. लामा गप्प! खुलासा काय, तर जपानी कैदेत छळ झाला तेव्हा गुपितं फुटू नयेत म्हणून संमोहनानं आपली भाषा आपणच बंद करून टाकली, ती काही परत आली नाही. आता बोला! एवढं होऊनही पुस्तक निघालं. 'जे लिहिलंय त्याला लेखक जबाबदार' असं प्रस्तावनेत सांगून प्रकाशकानं हात झटकले. आणि पुस्तक धो धो खपलं.

तिबेटचे जाणकार खवळले. 'सेव्हन इयर्स इन तिबेट' लिहिणारे गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांत होते. क्लिफर्ड बर्जेस नावाचा खासगी गुप्तहेर मागे लावला गेला आणि १९५८च्या फेब्रुवारीत 'डेली मेल'नं बिंग फोडलं. लामा निघाले सिरिल हॉस्किन, डेव्हन परगण्यातल्या प्लिम्प्टनच्या प्लंबरचे चिरंजीव. तिबेटचं तोंडही पाहिलेलं नाही!

दुसरा कुणी तोंड लपवून बसला असता. हे महाशय म्हणाले, "देह हॉस्किनचा, आत्मा लामाचा." घुबडाचा फोटो काढायला ते झाडावर चढले, धाडकन पडले, आणि त्या गडबडीत लामानं देहाचा ताबा घेतला. आपल्याकडे परकायाप्रवेश नवा नाही. पण शंकराचार्य निदान अमरू राजाच्या देहात शिरले, या लामाला सरे परगण्यात राहणारा बेकार कारकून हॉस्किन बरा सापडला! १९६४ साली तर कहर झाला. 'लिव्हिंग विथ द लामा' हे पुस्तक म्हणे त्यांच्या सयामी मांजरीनं, फिफीनं, मनातल्या मनात सांगितलं आणि यांनी नुसतं उतरवून घेतलं. मांजर सांगते, लामा लिहितो, आणि विकत घेणारे विकत घेतात!

हो, घेतात. १९८१मध्ये कॅनडात डोळे मिटेपर्यंत त्यांनी दीड डझनाहून जास्त पुस्तकं लिहिली. डोनाल्ड लोपेझ या अमेरिकन प्राध्यापकांनी मिशिगन विद्यापीठातल्या पोरांना 'द थर्ड आय' लेखकाबद्दल काहीही न सांगता वाचायला दिलं. आधी काही आठवडे तिबेटचा खरा इतिहास शिकलेली ती पोरं, तरी त्यांना हेच सगळ्यांत खरं वाटलं. खऱ्या तिबेटमध्ये कर होते, सरदारांची भांडणं होती आणि १९५०पासून चिनी फौजा होत्या. भोक पाडलेल्या कपाळापुढे ते कोण वाचतो?

जाता जाता आणखी एक, पण हळू बोलते. ज्या हाररसाहेबांचं पुस्तक शंभर टक्के खरं म्हणून जगानं डोक्यावर घेतलं, ते १९३८पासून हिटलरच्या एसएसचे सदस्य होते, हे उघड झालं १९९७ साली, त्या पुस्तकावर सिनेमा निघायच्या सुमारास. पुस्तकात त्याचा चकार शब्द नाही. म्हणजे बघा, प्लंबरच्या पोरानं काय काय घुसडलं ते शोधायला लोकांनी पदरचे पैसे खर्चून गुप्तहेर नेमला. गिर्यारोहकानं काय गाळलं ते विचारायचं मात्र चार दशकं राहून गेलं!