डाव्या बाजूचे सत्तांतर

मराठी ताट वाढण्याची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिच्यात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे यांची जागा डावीकडे, भाजी-आमटीची उजवीकडे आणि भात-पोळीची मध्ये ठरलेली असून, या मांडणीमागे सौंदर्यदृष्टीपेक्षा प्रमाणाचा हिशेब अधिक आहे. डावीकडच्यांनी तोंडाला चव आणायची आणि उजवीकडच्यांनी व मधल्यांनी पोट भरायचे, असा हा अलिखित करार होय. म्हणूनच पंगतीत तिसऱ्यांदा चटणी मागणाऱ्याकडे वाढपी ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने तो तिसऱ्यांदा भात मागणाऱ्याकडे पाहत नाही. कीटो आहाराने हा करार एकतर्फी मोडला. त्याने ताटाचा मध्यभाग रिकामा केला, उजवीकडची बटाट्याची भाजी, उसळ आणि वरण यांना हद्दपार केले, आणि आजवर चमचाभर वाढल्या जाणाऱ्या डाव्या बाजूच्या हाती अख्खे ताट सोपवले. या सत्तांतराची कारणे, त्याची साधने आणि मराठी स्वयंपाकघरावर झालेले त्याचे परिणाम यांचा विचार येथे करावयाचा आहे.

कीटो म्हणजे धान्ये, कंद, डाळी व गोड पदार्थ यांतून मिळणारी कर्बोदके दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली आणून त्यांची उणीव स्निग्ध पदार्थांनी भरून काढणारा आहार. अशा स्थितीत यकृत चरबीपासून कीटोन नावाची संयुगे तयार करू लागते आणि मेंदूसुद्धा बऱ्याच अंशी त्यांच्यावर आपला कारभार चालवतो. दोन पोळ्या आणि वाटीभर भात एवढ्यातच ही ५० ग्रॅमची मर्यादा संपून वर उधारी होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आहाराची करडी शिस्त कळते. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो सुचवला, पण वजन उतरवण्यासाठी नव्हे. उपाशी राहिल्याने अपस्माराचे झटके कमी होतात असे दिसून आले होते, आणि रुग्णाला उपाशी न ठेवता तोच परिणाम साधावा, असा त्यामागचा हेतू होता. त्याच्या अभिजात स्वरूपात प्रथिने व कर्बोदके मिळून एक भाग असतील, तर स्निग्धांश चार भाग असावा लागतो, आणि त्यासाठी रुग्णालयात साय ग्रॅमवर मोजून दिली जाई. शंभर वर्षांत हा आहार रुग्णालयातल्या वजनकाट्यावरून न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर येऊन पोहोचला, एवढीच त्याची प्रगती म्हणता येईल.

येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. स्निग्ध पदार्थ भरपूर खा, असे सांगणे सोपे असले, तरी तूप पेल्यात ओतून पिणे हे मनुष्यस्वभावाला धरून नाही (कॉफीत लोणी घुसळून पिणारा एक पंथ आहे, परंतु त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल). तेल कशावर तरी बसून पोटात जायला हवे, आणि पोळी तर गेलेली; तेव्हा उरतात काकडी, कोबी, पालक आणि लेट्यूस, ज्यांच्या अंगी स्निग्धता नावालाही नसते. त्यांच्यावर स्निग्धांश चढवण्याचे जे साधन, त्यास ड्रेसिंग म्हणावे, आणि तेच घट्ट होऊन पनीर, अंडी किंवा कोंबडीवर पसरले की त्यास सॉस म्हणावे. सामान्य आहारात ड्रेसिंग सॅलडसाठी असते. कीटोमध्ये सॅलड ड्रेसिंगसाठी असते, आणि हा फरक ज्याला उमगला त्याला कीटोचे निम्मे तत्त्वज्ञान उमगले असे समजावे.

या वर्गाचा अधिपती म्हणजे मेयोनेज. अंड्याच्या बलकात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असे विखुरलेले, की ते पुन्हा एकमेकांना भेटू नयेत, ही त्याची व्याख्या. तेल आणि पाणी यांच्या या सक्तीच्या सहजीवनास इमल्शन म्हणतात, आणि बलकातील लेसिथिन व प्रथिने मिळून ते टिकवून धरतात. कृती कागदावर चार ओळींची आहे: एक बलक, चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, थोडी वाटलेली मोहरी, मीठ, आणि पाऊण ते एक वाटी बिनवासाचे तेल. घाण्यावरचे शेंगदाणा तेल घातल्यास सॉसला चिवड्याचा वास येतो, आणि उंची ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये जोरात फिरवल्यास ते कडवटते, म्हणून येथे स्वस्त आणि निर्गुण तेलच गुणी ठरते. तेल प्रथम थेंबाथेंबाने आणि मिश्रण दाटू लागल्यावर बारीक धारेने घालावयाचे असते. परंतु भांड्यात तेल ‘एकदाच काय ते’ ओतण्याची सवय ज्या हाताला आहे, त्याच्याकडून चौथ्या थेंबानंतर वाटी कलंडतेच, आणि मग बलक खाली, तेल वर आणि त्याकडे पाहणारा मध्ये, अशी स्थिती होते. हा सॉस फुटला असे म्हणतात. अशा वेळी दुसऱ्या भांड्यात नवा बलक घेऊन त्यात फुटलेले मिश्रण चमच्याचमच्याने घोटल्यास सॉस पुन्हा जमून येतो, आणि एका माणसासाठी करायला घेतलेले मेयोनेज चार माणसांना पुरेल इतके होते.

कच्च्या अंड्याचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सॅल्मोनेला जिवाणूंच्या भीतीने तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरात आणि तमिळनाडूने २०२५ च्या एप्रिलमध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली होती, तेव्हा घरीही ते ताजे करावे, शीतकपाटात ठेवावे आणि लवकर संपवावे, हे उत्तम. ज्या घरात अंड्याला वेगळे भांडे आणि वेगळी खिडकी लागते, तेथे एक भाग गार दूध व दोन भाग तेल हात-ब्लेंडरने फिरवून शेवटी लिंबू पिळले, तरी दुधातील प्रथिनांच्या बळावर बऱ्यापैकी घट्ट मेयोनेज होते. ते घरातील ज्येष्ठांसमोर ‘दह्याचं काहीतरी’ म्हणून ठेवता येते, आणि ज्येष्ठ त्यासोबत थालीपीठही खातात.

मोहरीचा वर ओझरता उल्लेख आला, पण तिचा अधिकार मोठा आहे. मेयोनेजमध्ये मोहरी केवळ चवीला नसते. तिच्या सालीतील चिकट द्रव्य तेलाच्या थेंबांना वेगळे ठेवण्यास हातभार लावते. परदेशी पुस्तकांत ही मोहरी बाटलीतून काढावी असे लिहिलेले असले, तरी मराठी घरात मोहरी फेसण्याची विद्या फार जुनी आहे. गार पाण्यासोबत मोहरी वाटली की तिच्यातील मायरोसिनेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, जागे होऊन सहज हवेत उडणारे तिखट द्रव्य तयार करते, आणि वाटणाऱ्याच्या नाकातून ते थेट टाळूला भिडते. डोळ्यांतून पाणी आले म्हणजे मोहरी फेसली, ही कसोटी कोणत्याही उपकरणाहून अचूक आहे.

मेयोनेजनंतरचा मानकरी रँच ड्रेसिंग हा होय. कॅलिफोर्नियातील सांता बार्बराजवळ स्टीव्ह हेन्सन या गृहस्थांच्या हिडन व्हॅली नावाच्या पाहुण्यांच्या रँचवर १९५० च्या दशकात तो प्रसिद्धीस आला, आणि ताक, मेयोनेज, लसूण, कांदा व हिरव्या पाल्याचे मिश्रण असे त्याचे स्वरूप आहे. या पाल्यात बहुधा शेपू असतो. ज्या मुलाने शेपूच्या भाजीच्या वासाने पंधरा वर्षे घर डोक्यावर घेतले, तेच मूल पुढे रँचची वाटी बोटाने पुसून खाते आणि आईला म्हणते, “हे बाहेरचं आहे, तुला नाही जमणार.” आई काही बोलत नाही; भाजीवालीकडून शेपूची जुडी तिनेच आणलेली असते. घरच्या रँचसाठी ताकापेक्षा चक्का बरा, कारण दही टांगल्यावर निथळणाऱ्या पाण्याबरोबर दुधातली बरीच साखरही निघून जाते.

मलईदार सॉसांच्या बाबतीत मात्र मोठी पंचाईत होते. पांढऱ्या सॉसचा दाटपणा मैद्याचा, उपाहारगृहातील शाही रश्श्याचा दाटपणा काजूचा, आणि १०० ग्रॅम काजूत सुमारे ३० ग्रॅम कर्बोदके; म्हणजे ज्याला लोक ‘रिच ग्रेव्ही’ म्हणतात ती कीटोच्या दरबारात दिवाळखोर ठरते. काजूऐवजी मगज वाटावा, मैद्याऐवजी साय आटवावी किंवा किसलेले चीज विरघळवावे, हे उपाय आहेतच. पण सर्वांत चमत्कारिक उपाय झॅन्थन गमचा. कोबीला काळी कूज आणणाऱ्या जिवाणूला साखर खाऊ घातली की तो हा चिकट पदार्थ तयार करतो, आणि अमेरिकी कृषिखात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत अ‍ॅलिन जीन्स यांच्या चमूने तो शोधून काढला. वाटीभर सॉसला पाव चमचा पुरतो, आणि तो आधी तेलात कालवावा लागतो, नाहीतर अशा गुठळ्या होतात की त्या सुरीनेही तुटत नाहीत. ज्याच्यामुळे शेतात कोबी कुजतो, त्याच्याच कृपेने ताटातल्या कोबीवर सॉस दाट बसतो.

या सर्व परदेशी खटाटोपाकडे पाहिल्यावर असे दिसते की, डाव्या बाजूचे राज्य चालवण्याची तयारी मराठी स्वयंपाकघरात आधीपासूनच होती. खमंग काकडीचेच उदाहरण घ्यावे: काकडी चोचवून घट्ट पिळायची, तिच्यावर दाण्याचे कूट, ओले खोबरे, मिरची आणि लिंबू घालून वर तुपाची चरचरीत फोडणी ओतायची, आणि मीठ अगदी शेवटी, कारण ते आधी घातले तर पाणी सुटते. फोडणी म्हणजे गरम ड्रेसिंगच. मसाल्यांचा जो गंध पाण्यात उतरत नाही, तो तुपात उतरतो. एवढेच नव्हे, तर साबुदाणा, वरी, बटाटा, रताळे हे एकादशीला चालणारे जवळपास सर्व पदार्थ कीटोला वर्ज्य आणि अंडे, लसूण हे कीटोचे आधारस्तंभ एकादशीला वर्ज्य असताना, दोन्ही धर्मशास्त्रांना एकाच वेळी मान्य होणारा पदार्थ हीच जिरे-तुपाची खमंग काकडी आहे. तिच्यावर कोथिंबीर घालावी की नाही, यावर मात्र घराघरांत मतभेद असून, तो प्रश्न कीटोच्या कक्षेबाहेरचा आहे.

तरीही मराठी कीटोव्रती हरतो, आणि तो तेलामुळे हरत नाही. तो हरतो कोशिंबिरीतल्या चिमूटभर साखरेमुळे. मराठी चिमूट हे जगातील सर्वांत लवचीक परिमाण असून, मिठासाठी ती दोन बोटांची असते, हिंगासाठी एका बोटाची आणि साखरेसाठी पाच बोटांची; पाच बोटांत सहज एक चमचा, म्हणजे चार-पाच ग्रॅम साखर मावते, आणि २० ग्रॅमच्या दैनंदिन मर्यादेचा चौथा हिस्सा जेवणाला बसण्याआधीच खर्ची पडतो. “साखर घातलीच नाही रे, नुसती चवीपुरती,” असे ज्या घरात म्हटले जाते, तेथे ‘नाही’ आणि ‘चवीपुरती’ यांत विरोध मानला जात नाही. बाजारातील बाटल्यांचाही न्याय हाच. कमी तेलाचे म्हणून विकल्या जाणाऱ्या ड्रेसिंगमध्ये तेलाची जागा बहुधा स्टार्च आणि साखरेने घेतलेली असते, आणि बारीक अक्षरे वाचणाऱ्याला ते समोरच छापलेले दिसते.

तेव्हा निर्णय असा की, मेयोनेज, रँच आणि झॅन्थन गम यांच्या वाटेला जाण्यापूर्वी प्रत्येकाने आठवडाभर फक्त कोशिंबिरीतली साखर बंद करून पाहावी. ते जमले तरच अंड्याच्या बलकाला हात लावावा, कारण ते न जमणाऱ्याला बाकीचे काहीही जमून उपयोग नाही. आणि मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्याने आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून ताटाच्या उजव्या बाजूला निरोप देऊ नये.