गोलकीपर, मु. पो. आयर्लंड

आयरिश गोलकीपराला गर्दीत ओळखायचं तर त्याचे हात पाहावेत. एक-दोन बोटं कधीतरी मोडून, जमेल तशी जुळून, शेजारच्या बोटांशी फटकून वागत असतात. चेहऱ्याचा काही उपयोग नाही. संघ जिंकला काय, हरला काय, चेहऱ्यावर भाव एकच: झालं ते झालं, चेंडू मध्यावर न्या.

जन्मतः तो गोलकीपर नसतो. लहानपणी तो फॉरवर्डच असतो. कॉर्कचा क्वीवीन केलेहर रिंगमहन रेंजर्सकडून खेळायचा, तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होईपर्यंत पुढे राहून गोल मारत होता. मग या मंडळींच्या आयुष्यात ठरलेला तो दिवस उगवतो. नेहमीचा गोलकीपर आलेला नसतो. कोच रांगेवरून नजर फिरवतात आणि एकाएकी सगळ्या पोरांच्या बुटांच्या नाड्या सुटतात. नाडी बांधायला खाली न वाकलेलं एकच पोर उरतं. त्याच्या हातात ग्लोव्ह्ज पडतात आणि पुढची वीस वर्षं ते काही निघत नाहीत.

त्यातून गडी डोनेगलचा किंवा न्यूरीचा असला, तर अर्धं शिक्षण आधीच झालेलं असतं. तिकडे गेलिक फुटबॉलचं वेड. या खेळात चेंडू हाताने झेलायचा असतो आणि झेलताना चार जणांची कोपरं बरगड्यांत सोसायची असतात. न्यूरीचा पॅट जेनिंग्ज आणि डोनेगलचा पॅकी बॉनर, दोघंही याच तालमीतले. उत्तर आयर्लंडचा जेनिंग्ज गर्दीतून आलेला उंच चेंडू एका हाताने खुडून घ्यायचा. १९६७ च्या चॅरिटी शील्ड सामन्यात टॉटनहॅमकडून खेळताना त्याने आपल्या गोलपाशी उभं राहून चेंडू लांब उडवला, तो एक टप्पा घेऊन मँचेस्टर युनायटेडच्या अ‍ॅलेक्स स्टेपनीच्या डोक्यावरून थेट जाळीत. दुसरा कुणी असता तर जन्मभर तेवढ्यावर जेवला असता. जेनिंग्ज आपला कामाला लागला. १९७७ मध्ये ‘आता याचं वय झालं’ म्हणून टॉटनहॅमने त्याला विकला, तोही शेजारच्या वैऱ्याला, आर्सेनलला. तिथे तो पुढची आठ वर्षं खेळला. शेवटचा सामना खेळला तो १२ जून १९८६ ला, विश्वचषकात, उत्तर आयर्लंडकडून ब्राझीलविरुद्ध. त्या दिवशी त्याचा ४१ वा वाढदिवस होता. ब्राझीलने आहेर म्हणून तीन गोल घातले.

गोलकीपरी पोटाला लागायची तर आयर्लंड सोडावं लागतं. बॉनर १९७८ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिककडे गेला. तिथल्या थोर मॅनेजर जॉक स्टीनने सेल्टिकसाठी केलेली ती शेवटची निवड. डोनेगलच्याच लिफर्डचा शे गिव्हनही आधी सेल्टिकलाच गेला. पूर्वी पोरगं सोळाव्या वर्षी बोचकं बांधून इंग्लंडला निघायचं. ब्रेक्झिटनंतर नियम बदलला आणि आता अठरा पूर्ण होईपर्यंत तिकडे सही करता येत नाही. इंग्रजांच्या या निर्णयाचा आयरिश मुलांना झालेला फायदा एवढाच, की आईच्या हातचं दोन वर्षं जास्त मिळतं.

या वंशाची एक शाखा इंग्लंडातच उगवते. आई-बाप नाहीतर आजी-आजोबांपैकी कुणी आयर्लंडचं निघालं की आयर्लंडची जर्सी घालता येते. जेरी पेटन बर्मिंगहॅमचा, डीन कायली सॅलफर्डचा, अ‍ॅलन केली प्रेस्टनचा. या केलीचे वडीलही अ‍ॅलन केलीच, तेही आयर्लंडचे गोलकीपर, आणि भाऊ गॅरी, तोही गोलकीपर. तिघं मागच्या अंगणात खेळायला उतरले की चेंडू मारायचा कुणी, यावर घरात काय चर्चा होत असेल कोण जाणे.

संघात निवड झाली म्हणजे खेळायला मिळतं, असा समज फॉरवर्ड लोकांचा. गोलकीपराची जागा एकच असते आणि तिच्यावर बसलेला माणूस सहजी उठत नाही. दुसऱ्या नंबरच्या गोलकीपराचं खरं काम सामन्याआधी असतं. अर्धा तास तो पहिल्या नंबरवाल्याला चेंडू मारतो: दहा उजवीकडे, दहा डावीकडे, पाच डोक्यावरून. ‘वा! झकास!’ असंही मधूनमधून म्हणतो. जो माणूस आपल्या पोटावर बसलाय, त्यालाच घासूनपुसून लखलखीत करायचं आणि मग जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढून बाकावर जाऊन बसायचं. पहिला नंबर एखाद्या झेपेनंतर बोट चोळू लागला, की बाकावरचा हा सज्जन चिंतातुर मुद्रेने पुढे झुकतो. चिंता खरीच असते, फक्त कशाची ते विचारू नये. पेटन १९८८ च्या युरो स्पर्धेला गेला, १९९० च्या विश्वचषकाला गेला. दोन्हीकडे बॉनरचं एकही बोट दुखावलं नाही.

खेळायला मिळालं तरी हिशेब एकतर्फीच. लग्नघरात कोठीची किल्ली ज्या मामाकडे असते, त्याची आणि याची जातकुळी एक. चारशे पानं उठेपर्यंत मामा कुठे आहे, जेवला का, कुणी विचारत नाही. शेवटच्या पंगतीला श्रीखंड संपलं की मात्र सगळा मांडव विचारतो, “कोठीवर कोण होतं?”

बॉनरच्या वाट्याला कौतुकही आलं, पण मुदतीचं. १९९० साली इटलीत आयर्लंड पहिल्यांदाच विश्वचषक खेळत होतं. तेव्हा सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपराला हातात घेता यायचा. इजिप्तविरुद्ध तो इतका वेळ बॉनरच्या कुशीत राहिला की पाहणाऱ्यांचे डोळे मिटले. सामना ०-०. असल्या सामन्यांनी जगाचा धीर सुटला आणि १९९२ मध्ये नियमच बदलला. पण २५ जूनला जिनोआत रुमानियाविरुद्ध पेनल्टी शूटआउट झालं आणि बॉनरने उजवीकडे झेपावून डॅनियल टिमोफ्टेची पेनल्टी अडवली. मग डेव्हिड ओ’लिअरीने आपली घातली आणि आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीत! तिथवर एकही सामना नव्वद मिनिटांत जिंकलेला नव्हता, चार सामन्यांत गोल दोनच, पण त्याची पर्वा कुणाला? देशात त्या रात्री बॉनर देव होता.

देवपण टिकलं पाच दिवस. ३० जूनला रोममध्ये इटलीच्या डोनाडोनीने चेंडू असा हाणला की बॉनरला तो हातात धरता आला नाही, नुसता परतवता आला. तोल गेला, आणि परतलेला चेंडू नेमका टोटो स्किलाचीच्या पायाशी. १-०. विश्वचषक संपला. चार वर्षांनी, १८ जून १९९४ ला, अमेरिकेत त्याच इटलीला त्याने एकही गोल करू दिला नाही आणि आयर्लंड जिंकलं. हे जेमतेम पचतंय तोवर ४ जुलैला ओरलँडोत हॉलंडच्या विम योंकचा लांबून आलेला, साधा दिसणारा फटका दोन्ही हातांतून निसटून मागे गेला. बॉनर आयर्लंडसाठी ८० सामने खेळला. लोकांच्या लक्षात त्यातले तीन आहेत, आणि त्या तीनपैकी दोन नसते तर त्याला चाललं असतं.

गिव्हनचं त्याहून वाईट. तो १३४ सामने आयर्लंडकडून खेळला. क्लबसाठी खेळला ते वेगळेच. पण नोव्हेंबर १९९७ मध्ये कॉव्हेंट्रीच्या मैदानावर न्यूकॅसलकडून खेळताना त्याने चेंडू पकडला, समोर सगळं मोकळं पाहिलं आणि निवांत चेंडू जमिनीवर सोडला. कॉव्हेंट्रीचा डिऑन डब्लिन त्याच्या पाठीमागेच उभा होता. तो पुढे आला, चेंडू घेतला, गोल केला. दुसऱ्या दिवसापासून शे गिव्हन म्हणजे डब्लिन कुठे आहे हे ठाऊक नसलेला जगातला एकमेव आयरिश माणूस! १८ नोव्हेंबर २००९ ला पॅरिसमध्ये तर नियतीने थट्टेची हद्द केली. आपल्या गोलसमोर चेंडूला हात लावायचा परवाना ज्या एकट्याकडे, त्याच्या डोळ्यांदेखत थिएरी हेन्रीने चेंडू हाताने अडवून पुढे दिला आणि गॅलासने गोल केला. गिव्हन स्वतःचा हात थोपटत रेफरीकडे धावला. रेफरी आपला निर्णय घेऊन मोकळा झाला होता. दक्षिण आफ्रिकेच्या विश्वचषकाला फ्रान्स गेलं.

नव्या पिढीचं काही वेगळं होईल असं वाटलं होतं. १ सप्टेंबर २०२१ ला पोर्तुगालमध्ये १९ वर्षांच्या गॅव्हिन बझुनूने ख्रिस्तियानो रोनाल्डोची पेनल्टी अडवली. घराघरांत लोक उड्या मारू लागले. मग रोनाल्डोने ८९ व्या मिनिटाला हेडरने एक गोल केला, भरपाईच्या वेळेत आणखी एक. पेपरांत फोटो आला तो रोनाल्डोचा. केलेहरने मात्र २७ फेब्रुवारी २०२२ ला वेम्बलीवर सगळ्यांची कसर काढली. लिव्हरपूल आणि चेल्सी यांच्या लीग कप फायनलमध्ये पेनल्ट्या १०-१० वर येऊन ठेपल्या आणि मारणारे संपल्यावर गोलकीपरांची पाळी आली. एकेकाळच्या फॉरवर्डने आपली पेनल्टी शांतपणे जाळीत घातली. खास पेनल्ट्या अडवण्यासाठी मैदानात आणलेल्या चेल्सीच्या केपाला एकही अडवता आली नव्हती. त्याने स्वतःची मारली ती आडव्या बारवरून आकाशात. तरी पहिला नंबर मिळायला केलेहरला लिव्हरपूल सोडून २०२५ मध्ये ब्रेंटफर्डला जावं लागलं. पहिल्याच लीग सामन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टने तीन गोल घालून स्वागत केलं.

निवृत्तीनंतर आयरिश गोलकीपर टीव्हीवर बसतो. गोलकीपरांची म्हणून एक युनियन आहे. ना नोंदणी, ना वर्गणी, पण एकी अशी की गिरणी कामगारांनी हेवा करावा. पडद्यावर एखाद्या गोलकीपराच्या पायांमधून चेंडू गेलेला दहा वेळा दाखवतात. शेजारी बसलेला जुना फॉरवर्ड डोक्याला हात लावतो. आपला इसम खाकरतो. “बघा, चेंडूने ऐनवेळी वळण घेतलंय. शिवाय बॅक मध्ये आलाय. आणि ऊन डोळ्यावर होतं.” सामना रात्रीचा असतो.

पेनल्टी हुकलेल्या टिमोफ्टेने पुढे पेत्रोशानी गावात एक बार काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘पेनल्टी’. एका चुकीवर धंदा उभा करणं गोल मारणाऱ्या जातीलाच जमावं. आयरिश गोलकीपरांनी आपापल्या एकेका चुकीच्या नावाने बार काढायचं ठरवलं, तर अख्ख्या डब्लिनमध्ये जागा पुरायची नाही. गिव्हनला तर आधी डब्लिन शोधावं लागेल.