आंतरजालाचे मस्टर

कारकुनाच्या हाती काम नसले तरी चालते, परंतु ते नसल्याचे दिसता कामा नये, या सनातन तत्त्वावर आमची दहा-बारा माणसांची कचेरी सुखेनैव चालली होती. पडद्यावर खिळलेली दृष्टी आणि कपाळावरची आठी ही कर्तव्यनिष्ठेची सर्वमान्य लक्षणे असल्यामुळे पडद्यावर काय आहे, हा प्रश्न विचारण्याचा अविचार कोणी करीत नसे. परंतु दर महिन्याच्या २० तारखेस जीएसटीची विवरणपत्रे भरण्याची मुदत संपते, आणि नेमक्या त्याच सुमारास आमचे आंतरजाल इतके मंदावू लागले की, कोणीतरी त्याचा गैरवापर करीत आहे असा संशय येऊन मालकांनी पाळतीचे फर्मान काढले.

त्यानुसार एका जुन्या संगणकावर ‘स्क्विड’ नावाची प्रणाली बसवून सर्वांची ये-जा तिच्या ३१२८ क्रमांकाच्या पोर्टातूनच व्हावी असा बंदोबस्त झाला, आणि तिची नोंदवही रोज वाचून अहवाल सादर करण्याची कामगिरी, अक्षर चांगले एवढ्याच पात्रतेवर, माझ्याकडे आली. या नोंदवहीत वेळ मांडण्याची रीत अशी की, १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद लोटले तेवढेच लिहायचे. त्यामुळे जेवणानंतर क्रिकेटच्या धावा कोण पाहत होता, हे ठरविण्यापूर्वी दीड अब्जाहून मोठ्या रकमेचा हिशेब करणे प्राप्त होई. शिवाय हल्ली बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर कूटबद्ध होऊन येत असल्याने, माणूस कोणाच्या दारी गेला एवढेच कळे. आत जाऊन त्याने काय केले, याविषयी नोंदवही सभ्य मौन पाळी.

त्याहून बिकट प्रकार नावांचा. नोंदवहीस माणसे ठाऊक नसतात. तिला ठाऊक असतो १९२.१६८.१.१७ असा एखादा पत्ता, आणि राउटर हे पत्ते ठराविक मुदतीनेच देत असल्याने आज एकाचा असलेला पत्ता उद्या दुसऱ्याच्या वाट्यास येतो. परिणामी, सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावरील आमच्या हिशेबनिसांच्या खाती वधूवरसूचक संकेतस्थळाच्या अनेक भेटी जमा झाल्या. त्या भेटींच्या वेळी तो पत्ता एका उपवर कारकुनाकडे होता, हा खुलासा यथावकाश झाला. परंतु मधल्या काळात हिशेबनीस इस्त्रीचा सदरा घालून येत होते, आणि तोहमतीचे खंडन करण्याची त्यांना मुळीच घाई दिसली नाही.

खरा गुन्हेगार सापडला, तेव्हा तो कोणत्याच खुर्चीवर बसलेला नव्हता. प्रत्येक संगणकातील विंडोज आपली सुधारित आवृत्ती भर कामाच्या वेळी, स्वतंत्रपणे, उतरवून घेत होते. यंत्राला कारणे दाखवा नोटीस बजावता येत नसल्याने हा तपशील परिशिष्टात गेला, आणि माणसांचा तक्ता तेवढा फलकावर लागला. दुसऱ्याच दिवशी सर्वांची करमणूक आपापल्या मोबाइलवर स्थलांतरित झाली. नोंदवही निष्कलंक झाली, मालक संतुष्ट झाले, आणि विवरणपत्रे पूर्ववत २० तारखेच्या रात्रीच जाऊ लागली.

कोण काय पाहतो, याची खडान्‌खडा माहिती कचेरीत एकाच इसमास होती. तो म्हणजे आमचा शिपाई, कारण चहा ठेवण्यासाठी तो प्रत्येकाच्या पाठीमागून येतो. मालकांनी त्यास विश्वासात घेऊन विचारले, तेव्हा तो अदबीने म्हणाला, “दिसतं साहेब, पण मी बघत नाही.” हा विवेक प्रणालीत बसविता येईल काय, अशी लेखी पृच्छा मी तंत्रज्ञाकडे केली आहे, उत्तर अद्याप आवक नोंदवहीत चढलेले नाही.